चिपी ते गोंदिया, अवघी 1 तास 40 मिनिटं

महाराष्ट्राच्या नैर्ऋत्य टोकाला सिंधुदुर्गातलं चिपी आणि ईशान्य टोकाला गोंदियाजवळचं बिरसी. दोन्हीकडे विमानतळ आहे, त्यामुळे दोहोंमधल्या विमानप्रवासाचा हिशेब मांडायला कुणाची परवानगी लागत नाही. अक्षांश-रेखांश घ्या, पृथ्वीच्या गोलाईवरून दोरी ताणा. सुमारे 940 किलोमीटर भरतात. ताशी 800चा वेग धरा, चढायला-उतरायला अर्धा तास द्या. झालं, 1 तास 40 मिनिटांत मालवणी माणूस झाडीपट्टीत! हिशेबात फक्त विमान धरायचं राहून गेलंय. या दोन विमानतळांमध्ये थेट विमान नाही.

पण काम अगदीच झालेलं नाही असं म्हणवत नाही. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटर, बिरसीची त्याहून जराशी आखूड. म्हणजे 940पैकी पाचेक किलोमीटर पक्के तयार आहेत. उरलेलं आकाश, आणि ते तर आधीपासूनच होतं.

चिपीचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021ला थाटात झालं. श्रेय घ्यायला इतके नेते आले की तेवढे उतारू रोज मिळाले असते तर विमान कंपनीचं भलं झालं असतं. पुढे मुंबईची सेवा रखडत चालली आणि बंदही पडली. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली, इंग्रजांनी बांधलेली. तिच्यावरून नियमित प्रवासी विमान उडायला मार्च 2022 उजाडलं आणि ती पहिली सेवा काही महिन्यांतच गुंडाळली. शिकाऊ वैमानिक मात्र तिथे सराव करतात. तिथूनच उडतात, तिथेच उतरतात. विदर्भातल्या विकासयोजनांशी त्यांचं चांगलं जमत असावं.

‘उडान’ योजनेचं पहिलं विमान 27 एप्रिल 2017ला सिमल्याहून दिल्लीला उडालं. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, हवाई चप्पलवालाही विमानात बसणार, असा वायदा होता. चप्पल तयार आहे हो. आणि बसायचं म्हटलं तरी हवेतल्या वाटा मोठ्या शहरांकडे जातात. कोकणाला विदर्भात कशाला जायचंय, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

चिपी आणि गोंदियाच्या घड्याळांत फरक शून्य. सूर्य मात्र गोंदियात साधारण 27 मिनिटं आधी माथ्यावर येतो. त्याला प्रवासी भरण्याची अट नसते, आणि फीत कापायला पालकमंत्रीही लागत नाहीत.

जमिनीवरचा हिशेब असा. गोंदियाहून दुपारी विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी मुंबई, दिवसभर तिथे ताटकळायचं, रात्री कोकणकन्या, तिसऱ्या दिवशी सकाळी कुडाळ. तेव्हा गोंदियात कुणाला मालवणच्या लग्नाची पत्रिका आली असेल, तर 1 तास 40 मिनिटांच्या भरवशावर राहू नका. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं.