पोरांना अकरा महिने, पदं रिकामीच

बारावी झालेला मुलगा सरकारी कचेरीत महिनाभर राबला की त्याला 6,000 रुपये. कामाचे दिवस 26 धरले तर रोजचे जवळपास 231. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर मजुराचा दर 297 रुपये होता. म्हणजे मुलगा बारा वर्षं शिकला आणि अकुशल मजुरीच्याही खाली उतरला.

हे पैसे देणारी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 च्या जुलैत निघाली आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. वय 18 ते 35, आयटीआय आणि पदविकावाल्यांना 8,000, पदवीधरांना 10,000. वर्षाला दहा लाख तरुण घेऊ म्हणाले, 5,500 कोटींचा आकडा सांगितला. मुदत सहा महिन्यांची होती. ती संपायला आली तशी पोरं आंदोलनाला बसली, तेव्हा मार्च 2025 मध्ये आणखी पाच महिने मिळाले. सहा आणि पाच, अकरा. घरमालक अकरा महिन्यांचा करार करतो तो भाडेकरूचा हक्क लागेल या धास्तीनं. सरकारनं आपल्याच पोरांशी असं वागू नये.

सांगली जिल्ह्यातल्या आष्ट्याच्या आसपास ही योजना कुणाच्या दारात गेली ते बघा. इथं 1999 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. बापानं उसाच्या बिलातून फी भरली. वाटण्या होत होत जमीन गुंठ्यांवर आलेली, तिच्यावर दोन भावांचं भागत नाही. पुण्याला जाऊन खोलीचं भाडं परवडत नाही. असा पदवीधर गावातच अभ्यासिकेत बसतो, भरतीची वाट बघतो, आणि लग्नाची बोलणी ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नापाशी थांबतात. बाहेरून बघणाऱ्याला हिरवा ऊस दिसतो. घरातली ही गरिबी दिसत नाही. अशा घरात दहा हजार रुपये ही मोठी रक्कम आहे. योजना मुळीच नको होती, असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही.

माझा राग पुढच्या गोष्टीचा आहे. राज्यभर ही मुलं पालिकांत, पंचायतींत, शाळांत बसली. संगणकावर नोंदी भरल्या, दाखल्यांची कामं केली, वर्ग सांभाळले. विद्यावेतन रखडल्याच्या तक्रारी जागोजागी झाल्या, तरी ती कामावर येत राहिली. मग मुदत संपली. मुलगा घरी गेला, काम मात्र टेबलावर तसंच राहिलं. अकरा महिने एका माणसाला पुरलेलं आणि पुढेही उरलेलं काम असेल, तर तिथं माणूस लागतो याचा आणखी कुठला पुरावा हवा?

आणि हे सांगली जिल्ह्यातही घडतंय! रोजगार हमीची कल्पना ज्यांची, ते वि. स. पागे याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी ती लावून धरली. 1972 च्या दुष्काळानंतर तिनं लाखो घरं जगवली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. कामाची मागणी केली की पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैशासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला आणि तेवढीच भर सरकारनं घालायची ठरलं. पागेंनी मजुराच्या हातात मागण्याचा अधिकार दिला. पुढे 2005 मध्ये देशानं हीच वाट धरली. शिकलेल्या पोराच्या हातात मात्र आपण पन्नास वर्षांनी एक शासन निर्णय दिला, ज्यात मुदतीनंतर कुणाकडे काही मागायची सोय नाही.

कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेल्या मुलासाठी 1961 चा कायदा आहे. त्याची मुदत संपली की परीक्षा होते, देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. पालिकेत अकरा महिने घालवलेल्या मुलाच्या प्रमाणपत्राला भरतीत किती गुण? असं फक्त आपल्याकडेच होत नाही. दक्षिण आफ्रिकेनं 2020 च्या अखेरीपासून लाखो तरुणांना शाळांत मदतनीस म्हणून घेतलं. टप्पा संपला की तीही घरी. मुदत संपल्यावर पुढं काय, हा प्रश्न तिथंही उरतोच.

पदं रिकामी ठेवायची आणि त्या खुर्चीवर विद्यावेतनावरची पोरं आळीपाळीनं बसवायची, हा कारभार थांबला पाहिजे. जिल्ह्यातल्या प्रत्येक पालिकेनं, पंचायत समितीनं दोन आकडे फलकावर शेजारी शेजारी लावावेत: मंजूर पदांपैकी रिकामी किती, आणि या योजनेतून कामाला घेतलेली मुलं किती. आष्टा नगरपरिषदेनं सुरुवात करावी. पुढच्या भरतीच्या जाहिरातीत या अकरा महिन्यांना अनुभवाचे गुण द्यावेत, आणि 6,000 चा दर आजच्या आज रोजगार हमीच्या वर न्यावा.