नेलगन पाहिजे, चांगल्यातली

फ्लॅटचं इंटिरिअर करून घेणाऱ्या साहेबांना हल्ली नेलगनही स्वतः निवडायची असते. दुकानदार आधी रंग दाखवतो, मग पेटी, मग वॉरंटीचा कागद. त्यात ओ-रिंगचा, म्हणजे आतल्या रबरी कडीचा, उल्लेख नसतो; बंदूक हवा सोडू लागते ती नेमकी तिथूनच. गेजचा हिशेब तर सरकारी वाटावा इतका उलटा: आकडा मोठा, खिळा बारीक. 23 गेजची पिन बिनडोक्याची (खिळ्याबद्दलच बोलतोय), नाजूक बीडिंगला फेविकॉल सुकेपर्यंत धरून ठेवते, एवढंच. साध्या पट्ट्यांना 18, चौकटीच्या जाड पट्टीला 15 किंवा 16. साहेब म्हणतात, "सगळ्याला चालेल अशी एकच द्या." मग पट्टी चिरते आणि दोष सागाला जातो.

मिस्त्री रंगाकडे बघतही नाही. टाकाऊ तुकड्यावर दहाबारा खिळे मारतो, सगळे सारखेच खोल बसले का ते नखाने चाचपतो, सुट्या ओ-रिंगा आणि तेलाची बाटली मागतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. बंदूक आतून गंजते ती त्या पाण्याने. अशा गिऱ्हाइकाला दुकानदार चहा विचारत नाही.