पडदा बंद पडला, तेव्हा पुस्तकं चालू होती

टीव्ही मालिकेची गोष्ट पुढे नेणारी कादंबरी म्हटली की साहित्यातली जाणती माणसं मान फिरवतात. पात्रं उसनी, परवाना कंपनीचा, मुखपृष्ठावर नटाचा फोटो. असल्या पुस्तकाची कसली समीक्षा करायची? या तुच्छतेचा मला मनापासून राग येतो. ज्यांना तो अवाजवी वाटतो त्यांनी 'डॉक्टर हू'चं काय झालं ते बघावं.

१९६३पासून चाललेली बीबीसीची ही विज्ञानकथा-मालिका डिसेंबर १९८९मध्ये थांबली. कुणी ती रीतसर बंद केली नाही, पुढचा भाग आलाच नाही, एवढंच. मग लंडनच्या व्हर्जिन प्रकाशनानं परवाना घेतला आणि १९९१मध्ये गोष्ट कादंबऱ्यांमधून पुढे न्यायला सुरुवात केली. संपादक पीटर डार्विल-एव्हन्स यांनी तेव्हा एक धाडस केलं. नवख्यांना दार उघडं ठेवलं. नावावर एकही पुस्तक नसलेल्या माणसानं हस्तलिखित पाठवलं तरी ते वाचलं जाई. पॉल कॉर्नेल आणि मार्क गॅटिस यांच्या पहिल्या कादंबऱ्या याच दारातून आल्या.

१९९७पर्यंत साठेक पुस्तकं निघाली. सगळी चांगली नाहीत. काही रटाळ आहेत, काही उगाच रक्तबंबाळ. पण मुलांसाठी म्हणून सुरू झालेली मालिका या पानांवर वयात आली. कॉर्नेलची १९९५ची 'ह्यूमन नेचर' घ्या. हजारो वर्षं जगू शकणारा, काळातून हिंडणारा मालिकेचा नायक डॉक्टर स्वतःची ओळख पुसून साधा माणूस होतो, १९१४च्या इंग्लंडमध्ये शाळामास्तर म्हणून राहतो आणि प्रेमात पडतो. महायुद्ध काही महिन्यांवर आलेलं असतं. वर्गातल्या मुलांचं पुढे काय होणार, हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं, त्या मास्तराला नसतं. ही परवान्यावर लिहिलेली कादंबरी आहे, आणि ती उत्तम कादंबरी आहे. २००७मध्ये खुद्द मालिकेनंच तिच्यावर दोन भाग केले. पटकथाही कॉर्नेलनंच लिहिली.

मालिका परत आली २००५मध्ये. पहिल्या हंगामाचे तेरा भाग पाच जणांनी लिहिले. त्यातले रसेल टी. डेव्हिस, गॅटिस आणि कॉर्नेल या तिघांनी व्हर्जिनसाठी डॉक्टरच्या कादंबऱ्या लिहिल्या होत्या. स्टीव्हन मोफॅटची कथा व्हर्जिनच्याच एका संग्रहात आली होती. रॉबर्ट शिअरमन ध्वनिनाटकांतून आले होते. पाचही जणांनी मालिका पडद्यावर नसताना डॉक्टरची गोष्ट लिहिलेली होती. मान फिरवणाऱ्यांनी ही पाच नावं पुन्हा वाचावीत.

व्हर्जिनच्या व्यवहारात आणखी एक गोष्ट होती, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. लेखकानं नव्यानं निर्माण केलेलं पात्र लेखकाचंच राही. कॉर्नेलनं १९९२मध्ये बर्नीस समरफील्ड ही पुरातत्त्वज्ञ बाई कादंबरीत आणली. १९९७मध्ये बीबीसीनं परवाना स्वतःकडे परत घेतला, डॉक्टर गेला, पण बर्नीस गेली नाही. तिच्या एकटीच्या कादंबऱ्या पुढे १९९९पर्यंत निघाल्या. 'बिग फिनिश' या कंपनीनं १९९८मध्ये ध्वनिनाटकं सुरू केली तीही तिच्यापासूनच. डॉक्टर त्यांच्याकडे नंतर आला.

आता अमेरिकेकडे वळू. आपल्याकडे दूरदर्शनवर रविवारी सकाळी ज्यांनी कर्क आणि स्पॉक पाहिले, त्यांना 'स्टार ट्रेक' नव्यानं सांगायला नको. त्याच विश्वातली 'डीप स्पेस नाइन' ही मालिका १९९९मध्ये संपली. नायक सिस्को गरोदर बायकोला मागे ठेवून देवतुल्य शक्तींकडे निघून गेला. पुढे काय झालं, हे २००१पासून कादंबऱ्यांनी सांगितलं. सिस्कोच्या अंतराळस्थानकाची सूत्रं त्याची सहकारी कीरा नेरीस हिच्याकडे आली, सिस्कोला मुलगी झाली, तोही परतला. मालिकेत गॅरॅकची भूमिका करणारे नट अँड्र्यू रॉबिन्सन यांनी तर त्या पात्राच्या तोंडून अख्खी कादंबरी लिहिली, 'अ स्टिच इन टाइम'. युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या मायदेशात बसून गॅरॅक जुन्या मित्राला पत्र लिहितो आहे. नटाला आपलं पात्र किती आतून कळू शकतं, ते बघायला हे पुस्तक वाचावंच.

वाचकांनी जवळजवळ वीस वर्षं हे सगळं विकत घेऊन वाचलं. २०२०मध्ये 'पिकार्ड' ही नवी मालिका आली आणि कादंबऱ्यांमधला भविष्यकाळ तिच्याशी जुळेना. पडद्याचंच खरं, हा 'स्टार ट्रेक'च्या स्टुडिओचा जुना नियम. शेवटी २०२१मध्ये डेटन वॉर्ड, जेम्स स्वॉलो आणि डेव्हिड मॅक यांनी तीन कादंबऱ्या लिहून स्वतःच हे विश्व आवरलं. इतर कालप्रवाह टिकावेत म्हणून पात्रं आपला कालप्रवाहच मिटू देतात, अशी ती गोष्ट आहे. लेखकांनी आपलं काम इमानानं केलं. स्टुडिओबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

कारण घेताना या स्टुडिओला पुस्तकं चालतात. 'स्टार ट्रेक'च्या मूळ मालिकेत सुलू या पात्राला पहिलं नाव नव्हतंच. व्होंडा मॅकिंटायर यांनी १९८१च्या कादंबरीत त्याला हिकारू हे नाव दिलं आणि दहा वर्षांनी ते चित्रपटात आलं. नाव पडद्यासाठी खरं ठरलं. कादंबरी मात्र खोटीच राहिली.

करारावर सही करताना लेखक सगळे हक्क देऊन टाकतो, मग तक्रार कसली, असं यावर सांगतात. तक्रार त्या कराराचीच आहे. जुनी पात्रं स्टुडिओनं खुशाल आपल्याकडे ठेवावीत. पण लेखकानं नवं घडवलेलं पात्र लेखकाच्या नावावर राहू द्या, आणि ते पडद्यावर घेतलंत तर श्रेयनामावलीत लेखकाचं नाव द्या, पैसेही द्या. एवढ्यानं कुणाचं दिवाळं निघत नाही. डेलेक हे 'डॉक्टर हू'मधले सर्वांत गाजलेले शत्रू. त्यांच्या हक्कांत पटकथाकार टेरी नेशन यांचा वाटा पहिल्यापासून होता, आणि साठ वर्षांनंतरही ती मालिका पडद्यावर होती.