सपाट चमचा

माझा एक प्लॉटिंगवाला मित्र दिवाळीपासून 800 वर जगत होता. रुपये नव्हे, कॅलरी. दिवसाला. म्हणजे आपल्या बीडच्या हिशेबात दोन थोराड भाकरी आणि वर चतकोर, त्याही कोरड्या. पण भाकरी त्याला मना होती. त्याच्याकडे साडेतीन हजारांचा डबा होता, डब्यात पांढरी भुकटी होती आणि भुकटीत रुतलेला एक निळा चमचा होता.

भांडण माझं त्या चमच्याशी आहे. डब्यावर लिहिलंय, ‘एक सपाट चमचा, पाण्यातून.’ सपाट! उभ्या हयातीत या माणसानं कुठलं माप सपाट घेतलंय? हद्दीचा दगड रात्रीतून फूटभर शेजाऱ्याकडे चालत जातो, तो याच्याच प्लॉटवर. लग्नात बुंदी वाढणाऱ्याचा हात धरून ठेवणारा हा गडी सकाळी चष्मा लावून, श्वास रोखून, सुरीच्या पात्यानं चमच्याची शीग उतरवायचा. उतरलेली भुकटी परत डब्यात. सुरीला चिकटलेली चाटायची की नाही, हे त्यानं आहारसल्लागाराला फोन करून विचारलं. सल्लागार दोन वर्षांपूर्वीपर्यंत जुन्या मोटारसायकली विकायचे. ते म्हणाले, चाटू नका, हिशेब चुकतो.

फायदा नाहीच असं नाही. ब्रिटनमध्ये मधुमेह्यांना तीन ते पाच महिने साधारण एवढ्याच कॅलरींवर ठेवलं होतं. 2017 साली निकाल छापून आला, वर्षाअखेर 46 टक्क्यांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. पण तिथं साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या आणि माणसांवर सतत लक्ष होतं. आमच्या गड्यानं साखरेच्या गोळ्या चालू ठेवल्या, जेवण बंद केलं, डॉक्टरला कळवलंच नाही. चौथ्या दिवशी प्लॉटवर दरदरून घाम, हातापायांना कापरं. वॉचमनच्या बायकोनं चहाच्या डब्यातली साखर त्याच्या तोंडात कोंबली. चमचा सपाट होता की नाही, ते तिनं बघितलं नाही.

त्यातून वाचला, तर महिन्या-दीड महिन्यानं पित्ताशयात खडे निघाले. झपाट्यानं वजन उतरलं की होतात. केस गळतात, पोट साफ होत नाही, चरबीबरोबर मांसही झडतं आणि भाकरीवर परतलं की वजनही बहुधा परततं. सल्लागार म्हणाले, शरीर शुद्ध होतंय.

आता ती साखर. सल्लागारांनी तिला विष ठरवलंय. ठरवा! पण त्याच दिवाळीत, याच्या बंगल्यासमोरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालल्या होत्या ऊसतोडीला. वर भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, पोरं. नवरा-बायको मिळून तिथं एक ‘कोयता’. दोन पोटं, चार हात, मोजायला एक. मुकादमाची उचल फिटेपर्यंत पहाटेच्या अंधारात फड गाठायचा, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, एक दिवस अंग टाकलं तर खाडा कापायचा. पैसे टनावर, टन काट्यावर, आणि काटा कुणाच्या बाजूला झुकतो हे विचारायची सोय नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्या बाईच्या टोपल्यात काय उरतं, ते मोजायला कुणी निळा चमचा पाठवलाय? सरकारी गरिबीची रेषा जुन्या हिशेबात खेड्यातल्या माणसाला 2400 कॅलरी धरायची. तिच्याहून खाली जगणाऱ्याला दरिद्री म्हणतात आणि साडेतीन हजार रुपये मोजून तसं जगणाऱ्याला शिस्तीचा! मला त्याच्या पोटाचा राग नाही हो, सुटलं तर सुटलं. पण गेटवर उभं राहून, ट्रॉलीकडे बघत तो मला म्हणाला, “ही माणसं बघ कशी सडपातळ असतात.”

डबा अर्धा असतानाच त्यानं सोडला, मी घरी आणला. आत्यानं बोट बुडवून चाखलं. बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. खडी फोडून नव्हे, पोटात खडे पाडून घेऊन कुणी हे खातं, यावर तिचा विश्वास बसेना.

“ही तर सुकडी हाय की,” ती म्हणाली. “गूळ कुणी खाल्ला हिच्यातला?”

भुकटी तिनं वासराच्या आंबोणात कालवली. डबा घासून त्यात कारळाची चटणी भरली. चमचा तोच निळा आहे. परवा जेवायला बसलो तर तिनं शीग लावून वाढली, वर बोटानं दाबून आणखी थोडी.