कपाटाने केलेली चहाडी

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
रविवार, रात्री

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, पत्र लिहायला बसलो त्याला कारण तुझा कान. व्हिडिओ कॉल लागला की तू सवयीने फोन कानाला लावतेस आणि आम्ही चौघं अर्धा तास तुझी मोत्याची कुडी बघत बसतो. छोटीने परवा शाळेत 'माझी आजी' म्हणून चित्र काढलं, त्यात नुसता कान आहे. बाईंनी शेरा काय मारावा, तर 'छान शंख'.

आणि गुरुवारी साध्या कॉलवर स्क्रीन काळी पडली म्हणून तू "मेला गं बाई फोन" असं म्हणून ठेवून दिलास, तो मेला नव्हता. जिथून ऐकू येतं त्याच्याजवळ एक बारीक सेन्सर असतो. समोर गाल आला की तो स्क्रीन विझवतो, नाहीतर बोलता बोलता गालानेच फोन कट व्हायचा. तुझा अंगठा तिथे गेला. त्या बिचाऱ्याला गाल काय आणि अंगठा काय, सारखेच.

आमच्या घराला सध्या असली ज्ञानेंद्रियं जागोजागी फुटली आहेत. सुरुवात चिरंजीवांच्या शाळेच्या प्रोजेक्टने झाली. त्याने स्वयंपाकघरातल्या कपाटाला सेन्सर लावला. बोटाएवढ्या दोन डब्या असतात. दारावरच्या डबीत लोहचुंबक, चौकटीवरच्या डबीत काचेची इवलीशी नळी आणि तिच्यात पत्र्याच्या दोन नाजूक पट्ट्या. दार बंद असताना चुंबकाने पट्ट्या चिकटलेल्या. दार उघडलं की त्या सुटतात आणि बिनतारी निरोप थेट चिरंजीवांच्या फोनवर. म्हटलं, बरं आहे, मुलगा काहीतरी शिकतोय. त्याच कपाटात तू दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

शनिवारी नाश्त्याला त्याने निकाल वाचून दाखवला. "सोमवार, रात्री ११:५२. मंगळवार, १२:०७. बुधवारी दोनदा." मी दोन्ही मुलांकडे तुमच्यासारखं, बाबा, चष्म्यावरून पाहिलं. तुझी सून काही बोलली नाही. तिने नुसता माझा फोन उचलला. तो रात्री माझ्या पायजम्याच्या खिशात असतो आणि आपणहून पावलं मोजतो. सोमवारी बारा वाजायच्या सुमाराला चव्वेचाळीस पावलं. मग ती उठली आणि आमच्या पलंगापासून कपाटापर्यंत चालत गेली. बावीस. परत आली. बावीस. आई, लहानपणी मी डबा उघडायचो तेव्हा फार तर झाकण वाजायचं. इथे कपाट आणि पायजमा एकमेकांना साक्षीदार आहेत.

तरी ही पावलांची मोजणी म्हणजे सगळा अंदाजपंचेच. आत धक्के ओळखणारा सेन्सर असतो. ठरावीक लयीत हिसका बसला की तो एक पाऊल मांडतो. पाय हललाच पाहिजे असं काही नाही. सुनेच्या मनगटावरचं घड्याळ पोळ्या लाटताना भराभरा पावलं मोजतं. उलट तीच बाई किराणा दुकानात ट्रॉली ढकलत तासभर फिरली तर हात दांडीवर स्थिर, म्हणून घड्याळाच्या मते ती जवळजवळ उभीच. आमच्या ऑफिसात रोज दहा हजार पावलांची स्पर्धा आहे. हा आकडा कुठल्या डॉक्टरने संशोधन करून काढला असेल असं मला वाटायचं. तो आला १९६५ साली जपानमध्ये विकायला काढलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून. 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं यंत्र. हे कळल्यापासून मी निम्म्यावरच थांबतो, आणि चिरंजीव फोन बागेतल्या झोपाळ्याला बांधून उरलेली भरून देतात. फी एक आइस्क्रीम.

ठेच्याचं तर विचारू नकोस. सून खलबत्त्यात मिरच्या-लसूण कुटत होती. घड्याळाला वाटलं, बाई पडली! मनगटावर थरथर आणि प्रश्न: तुम्ही पडलात का? हिचे दोन्ही हात मिरचीने माखलेले, आणि 'मी ठीक आहे' हे बटण दाबायला दुसरं कोणी जवळ नाही. माणूस मिनिटभर निपचित राहिला तर ते घड्याळ आपणहून अँब्युलन्स बोलावतं. म्हणून ती घाबरून कुटतच राहिली. हलतेय म्हणजे शुद्धीवर आहे, असं समजून घड्याळ गप्प बसलं. ठेचा इतका बारीक आजवर झाला नव्हता.

मग तोच ठेचा तव्यावर परतला आणि छतावरचं धुराचं यंत्र बोंबललं. ही यंत्रं प्रत्येक झोपायच्या खोलीत असतात आणि आमची सगळी एकमेकांशी जोडलेली, एक रडलं की पाच रडतात. आतल्या काळोख्या डबीत उजेडाची तिरीप असते. धुराचे कण शिरले की उजेड विखुरतो आणि बाजूच्या डोळ्याला दिसतो. फोडणीची वाफही तशीच विखुरते. मी स्टुलावर चढून टॉवेल फिरवत होतो आणि समोरच्या अंगणातून शेजारी हात हलवत होते. त्यांना वाटलं, मी नमस्कार करतोय.

आता तुझा खरा प्रश्न: त्या दिवशी पहाटे आम्ही जागे कशाला होतो? आई, घाबरू नकोस म्हणून फोनवर सांगितलं नाही. लहानसा भूकंप झाला. इथल्या जमिनीतली हेवर्ड नावाची भेग आमच्या गावातूनच जाते. आधी चारही फोन एकदम ओरडले, मग पाच-सहा सेकंदांनी खिडकीची काच वाजली, बस. भूकंपाची पहिली लाट वेगाने येते पण सौम्य असते, हलवणारी लाट मागून येते. केंद्राजवळच्या यंत्रांना पहिली लाट कळली की निरोप रेडिओच्या वेगाने पुढे पळतो आणि जमिनीच्या आधी पोचतो. आम्ही टेबलाखाली गेलो. छोटीने तिथेही लाडू मागितला.

टेबलाखाली मला ११ डिसेंबर १९६७ ची तुझी गोष्ट आठवली. कोयनेचा भूकंप, मांडणीवरून एकेक घरंगळत आलेली पितळेची भांडी, अख्खी गल्ली थंडीत अंगणात, आणि तुझ्या आजीने आत जाऊन फक्त दुधाचं पातेलं वाचवलेलं. तेव्हा आधी ओरडणारं काही नव्हतं. आता तुमच्या हातातला साधा अँड्रॉइड फोन ते काम करू शकतो. भारतात ही सोय २०२३ मध्ये सुरू झाली. चार्जिंगला लावून निवांत पडलेला फोन हादरा टिपतो, आसपासच्या पुष्कळ फोनांनी एकदम टिपला की भूकंप ठरतो आणि पुढच्यांना इशारा जातो. आपल्या कराडात तर ही सोय हवीच.

म्हणून बाबा, एक विनंती. बॅटरी वाचवायला रात्री फोन बंद करून कपाटात ठेवू नका. चार्जिंगला लावा, इंटरनेट चालू ठेवा, आणि सेटिंगमध्ये भूकंपाचा इशारा चालू आहे ना तेवढं शेजारच्या मुलाकडून बघून घ्या.

बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
बंड्या

ता. क. सूनबाईंकडून: आई, नमस्कार. पुढच्या खेपेला लाडू जास्त पाठवा. ह्यांनी कपाटाच्या चौकटीवरच्या डबीला लोहचुंबक हाताने धरून ठेवायची युक्ती शोधली आहे.