टू-एक्स डॉक्टर

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ कुवेतला अम्गऱ्याच्या सकराबमध्ये, म्हणजे भंगारबाजारात, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवतात. त्यांचे चिरंजीव महाराष्ट्रातून एमबीबीएस होऊन, इंटर्नशिप उरकून आलेत आणि दार लावून नीट-पीजीची ऑनलाइन तयारी करताहेत. टू-एक्सवर.

म्हणजे व्हिडिओ दुप्पट वेगानं. वन-एक्सवर बघणारा मागे पडतो म्हणे. परवा पडद्यावर हृदयाच्या झडपेचा आजार चालला होता. शिक्षकानं पेशंटचे ठोके ऐकवले, मिनिटाला ७२. चिरंजिवांना ऐकू आले १४४. शंभराच्या वर गेलं की टॅकिकार्डिया, हे त्याच शिक्षकानं आदल्या धड्यात शिकवलेलं, तेही टू-एक्सवर. या हिशेबानं या पिढीच्या डॉक्टरांना भेटणारा प्रत्येक धडधाकट माणूस आयसीयूत जायला हवा. दोन ठोक्यांमधली मर्मर ऐकायची तर मधली फट तरी राहू द्या की रे! तिकडे अम्गऱ्यात रत्नागिरीचा एक मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि दांडा कानाला लावून बेअरिंग गेलंय का ते सांगतो. इंजिन आयडलवर असतं. त्याला घाई नसते, कारण चुकलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पार्ट परत आणून आपटतं.

पोराला बोलण्यात अर्थ नाही. १२ महिन्यांची इंटर्नशिप असते ती कशाला? पेशंटला हात लावायला. त्या वर्षात यानं रक्ताच्या बाटल्या लॅबमध्ये पोचवल्या आणि उरल्या वेळात जिन्यात बसून एमसीक्यू सोडवले, कारण पुढे विचारणार तेच आहे! २०० प्रश्न, साडेतीन तास, प्रत्येकाला मिनिटभर. पोटाला हात लावून लिव्हर लागतं का, हे कोण विचारतंय? बरं, एवढं पळून जायचं कुठे? २०२४ साली २३ जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली, ती झाली ११ ऑगस्टला. तेवढ्यात सगळे व्हिडिओ वन-एक्सवर बघून झाले असते, विमानाचं तिकीट बुडालं ते वेगळंच. आणि २०२३ साली तर कटऑफच शून्य पर्सेंटाइलवर आणला. शून्यावर! म्हणजे व्हिडिओ न उघडताही पात्र, फक्त बापाकडे सीटचे पैसे हवेत. अम्गऱ्यात गंजका रेडिएटरसुद्धा पाणी भरून तपासल्याशिवाय कोणी उचलत नाही.

आता वडिलांनी आणखी दिनार मोजून ‘रेसिडेन्सीसाठी सज्ज व्हा’ असा नवा कोर्स घेऊन दिलाय. नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगावी, यावर त्यात एक धडा आहे. शिक्षक म्हणतात, सांगून झालं की गप्प बसा, समोरच्याला रडू द्या. आणि स्वतः दहा सेकंद गप्प बसून दाखवतात.

चिरंजिवांनी ते पाच सेकंदांत संपवलं. लगेच खाली प्रश्न आला: डॉक्टरांनी किती वेळ गप्प बसावं? पर्याय चार, चुकल्यास एक गुण वजा.