त्रिकोणी काच आणि सनरूफ : यावल तालुक्यापुरते एक तौलनिक टिपण

जुनी गाडी श्रेष्ठ की नवी, या वादात आजवरच्या पंडितांनी इंजिनाची ताकद, मायलेज, ब्रेक असल्या किरकोळ बाबींवर शाई खर्च केली. गाडीत वारा कुठून आणि कोणाच्या अंगावर येतो, हा मूलभूत प्रश्न कोणी हाती घेतला नाही. त्यासाठी यावलइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये केळीच केळी, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास.

पूर्वपक्ष प्रीमियर पद्मिनीचा. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून निघू लागली. पद्मिनी हे नाव 1974 चे. इंजिन 1089 सीसीचे होते, पण ते या टिपणाच्या कक्षेबाहेर. कक्षेत येते ती पुढच्या दाराची त्रिकोणी काच. खिटी काढून ती उलटी फिरवली की वारा थेट छातीवर. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि पुढची सीट सलग, त्यामुळे पुढे तिघे बसत. मधल्याला दोन्ही काचांचा वारा मिळे, असा एक मतप्रवाह आहे. मधल्या माणसाचे मत वेगळे आहे. येणारा वारा मुळात भट्टीतलाच, हा आक्षेप मात्र रास्त. त्यावर उपाय म्हणून काचेच्या फटीत ओला पंचा अडकवीत. भुसावळला पोचेपर्यंत पंचा कडकडीत वाळे, म्हणजे प्रवास आणि वाळवण एकाच पेट्रोलात. नव्या गाड्यांच्या माहितीपत्रकांत ही सोय दिसत नाही.

उत्तरपक्ष सनरूफचा. ज्या गावात दुपारी बाहेर पडणारा प्रत्येक जण बागायती रुमाल डोक्याला गुंडाळून सूर्य चुकवतो, तिथे तोच सूर्य आत घ्यायला जादा पैसे का मोजायचे, याचा उलगडा कोणत्याही शास्त्रात सापडत नाही. निरीक्षणाअंती एकच उपयोग आढळला : लग्नाच्या वरातीत पोरांनी त्यातून डोकी बाहेर काढणे, जे धोक्याचेही आहे. शिवाय टपाला भोक पडले की त्यावर कॅरिअर बसवून केळीचे घड बांधायची सोय गेली. घड आत घ्यावा, तर केळीचा चीक. रेक्झिनच्या सीटवर तो पडला तर ओल्या फडक्याने लगेच पुसता येई. बदामी कापडी सीटवर पडला की तपकिरी डाग गाडी विकेपर्यंत सोबत करतो.

एक पोटप्रश्न वांग्यांचा. यावल तालुक्यातल्या बामणोदच्या भरिताच्या वांग्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत सीटबेल्टची आठवण देणारा भोंगा सक्तीचा झाला. शेजारच्या सीटवर वांग्यांची पिशवी ठेवली की गाडी तिला प्रवासी समजते आणि कोकलत राहते. "बेल्ट बांध ना भो तिला!" असे मागून ऐकू आले की चालक निमूटपणे वांग्यांना पट्टा लावतो. अपघातात सर्वांत सुरक्षित भाजी कोणती, हा प्रश्न त्यामुळे कायमचा निकाली निघाला आहे. पद्मिनीत वांगी बेवारस गडगडत, आणि माणसेही. एअरबॅग तिच्यात नव्हती. हा मुद्दा नव्या पक्षाच्या बाजूचा, आणि जड आहे. एसीचाही तसाच.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 रोजी निवृत्त झाली, त्यामुळे पूर्वपक्षाचे साक्षीदार आता कमी होत आहेत. तरी निकाल देणे भाग आहे : मे महिन्यात भुसावळला जायचे असेल तर नवी गाडी, घड आणि वांगी आणायची असतील तर जुनी. सनरूफवाल्या मॉडेलचे बुकिंग करू पाहणाऱ्यांना एवढीच विनंती, की शोरूमची गाडी चाचणीसाठी मे महिन्यातच मागावी, दुपारी दोनला यावलच्या बसस्थानकासमोर उभी करावी, छत उघडावे, आणि मग सही करावी.